उंदरांना खाऊ घालणारी स्वाती

चहा थंड झाला तरी चालन, पण हे ऐकाच. माइकवर उभं राहून माणसानं किती शेण खावं, त्याले काही हद्द?

मी महागावात एका कचेरीत बाबू. पण गावात कार्यक्रम कोणाचाही असो, निवेदन माझंच! आवाज तसा आहे बाप्पा.

तर आमच्या गल्लीतली स्वाती डॉक्टरेट झाली. कापूस वेचतावेचता शिकलेली पोट्टी! गावानं सत्कार ठरवला. मी फोन लावला, "बाई, तुहा विषय काय?"

"काका, आहार बदलला की उंदरांच्या आतड्यात अन्न कसं शोषलं जाते…"

उंदीर! बस्स. पुढचं कोण ऐकते? आमच्याकडे घरोघरी सोयाबीनची पोती उंदरायनं फोडलेली. मी लगेच बॅनर छापलं: 'उंदरांचा कायमचा बंदोबस्त! भूमिकन्येचं महान संशोधन!'

आता काय सांगू तुमाले! रविवारी हॉलमध्ये पाय ठेवाले जागा नाही. आजूबाजूच्या गावचे शेतकरी झाडून आलते. एक भाऊ तर पिंजऱ्यात जिता उंदीर घेऊन आलता. म्हणे, सँपल!

स्वातीनं बॅनर वाचलं. मग माह्याकडे पाह्यलं.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"काहून? तू उंदीर मारत नाही?"

"मी त्याइले खाऊ घालते! काय खाल्लं तर अंगी लागते, ते पाहते!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण पोट्टी डगमगली नाही. माइक घेतला अन् सरळ सांगतलं, "माफ करा, माह्याकडे उंदराचं औषध नाही. मी उंदीर पोसते."

पहिल्या रांगेतून शेवंतामावशी उठली. "म्हणजे आमचं सोयाबीन खाऊन उंदीर कसे माजते, हे शिकाले तू इतकी वर्षं घातली?"

हॉल खदखदून हसला. मी खुर्चीखाली जागा पाहून राह्यलो.

स्वातीही हसली. "मावशी, नुसत्या कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढतच नाही. कच्चा दाणा प्रथिनं नीट पचूच देत नाही. पोट भरते, पण अंगी लागत नाही. तेच उकडून द्या, मग पाहा कसा तरारते!"

मावशीचा आवाज एकदम खाली आला. "मी नातवाले सोयाबीनचं पीठ देते माय. वजनच वाढत नाही त्याचं."

"कच्चंच दळता?"

"हो."

"आधी उकडा, वाळवा, मग दळा. अन् उद्या त्याले दवाखान्यात दाखवू. मी येते सोबत."

त्यानंतर दीड तास प्रश्नच प्रश्न! पोरीनं माझं बॅनर उलटं केलं अन् त्यावर हे लांबलचक आतडं काढून दाखवलं. खुराक बदलला की आतडंही कसं बदलते, हे अंगठेबहाद्दरालेही समजलं. जे वाचून मले घाम फुटला असता, ते तिनं चुलीपाशी बोलावं तसं सांगतलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

अन् मग आभार माझ्याकडे!

मी इतका भारावलेलो, की आभाराची चिठ्ठी खिशातच राह्यली. छाती फुगवून सुटलो, "स्वातीताईच्या हातून असेच गुटगुटीत उंदीर घडो, अन् ते आपल्या घराघरात पोचो, हीच सदिच्छा!"

टाळ्या अशा कडाडल्या, अशा कडाडल्या, की मले वाटलं भाषण जमलं.

म्हणून तेच वाक्य मी पुन्हा एकदा म्हटलं.