आठवी सुपारी

आमच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सकाळी "काय म्हणतंय?" असं विचारलं, की ते त्या लोखंडी खोक्यावर तळवा ठेवून म्हणायचे, "समदी खुशाल हायेत, भाऊसाहेब." खोकं एकच, पण त्या एका सर्व्हरच्या पोटात त्यांनी सात आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरच्या, मशिनी वसवल्या होत्या. एक प्रवेशाची, एक परीक्षेची, एक ग्रंथालयाची, अशा. खंडेनवमीला ते खोक्याला हळदकुंकू लावायचे आणि पुढं सुपाऱ्या मात्र सात मांडायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो.

या कामाच्या सर्टिफिकेटची परीक्षा ते पुण्याला जाऊन द्यायचे. इंग्रजी प्रश्न वाचण्यातच वेळ संपायचा. तीनदा नापास झाले. यंदा पास झाले, तेव्हा पेढे वाटले आणि तो कागद खोक्यावरच्या भिंतीला चिकटवला.

पंधरा दिवसांत संस्थेनं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीकडं दिलं. तिचा प्लॅटफॉर्मच वेगळा, तिथं हे सर्टिफिकेट चालत नाही. सातही मशिनी यांनीच एकेक करून तिकडं हलवल्या आणि खोकं बंद केलं.

परवा खंडेनवमीला गेलो, तर बंद खोक्यापुढं सात सुपाऱ्या. मला राहवलं नाही. "अहो, आत आता कुणी नाही."

"ठाव हाय की," ते म्हणाले. मग खिशातून आठवी सुपारी काढून त्यांनी ओळीत ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं.

ती कुणाची, हे मी विचारलं नाही. दसऱ्यापासून येऊ नका, हे त्यांच्या नावाचं संस्थेचं पत्र ऑफिसात मीच टाइप केलं होतं.