फ्लायव्हीलला बोट लावलं तेव्हा

बायको गेली आणि पाठोपाठ तिच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही गेला. पोरगा म्हणाला, भंगारात द्या. मी दिली नाही. जन्मभर डिचोलीत खाणीचा ट्रक चालवला, मला ती क्लचची करून हवी होती.

पेडण्याच्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. क्लच ज्याला चिकटतो ते फ्लायव्हील बसवण्याआधी त्याने साबणाने हात धुतले, ते थिनरने पुसलं आणि पूजेच्या ताटासारखं कडांना धरून उचललं. मला राहवलं नाही. त्या चकचकीत तोंडावर मी बोट फिरवलं.

"आजोबा, हात कित्याक लावलात? बोटाचा तेल लागला तर क्लच घसरतलो!"

"बायकोची गाडी आहे रे. तीही असंच ओरडायची. गेली ती."

तो परत थिनर घेऊन पुसायला लागला.

"मगे आता तिच्या वाट्याचा मीच ओरडतंय. हात मागे घेवा!"

किती दिवसांनी हसलो, खोटं कशाला सांगू.

इब्रामपूरच्या चढावर क्लच जराही घसरला नाही. बाजूची सीट रिकामी होती, तरी मी मोठ्याने म्हणालो, "बघ."