केंदूरच्या मागची धार

आमच्या कंपनीच्या बसमध्ये सीटपेक्षा किस्से जास्त आहेत. त्याला कारण आमचं प्रेस शॉप. शिफ्टभर पत्रा ठोकणारे प्रेस धाडधाड आदळत असतात, कानात बोळे असतात, बोलायची सोयच नाही. सगळा कारभार हातानं चालतो. अंगठा ओठाला लावला की चहा. कॉलर झटकली की साहेब आला. आणि मूठ वर धरली की जिथं आहात तिथंच थांबायचं, कारण डोक्यावरून क्रेनचा लोड चाललाय! अशी दिवसभर मुकी राहिलेली माणसं सुटली, की बस रांजणगावच्या गेटबाहेर पडायच्या आत सगळे एकदम बोलायला लागतात.

पूर्वी किस्से साहेबांचे असायचे. आता बिबट्याचे असतात. कागदावर तो बिबट्या, आमच्या तोंडी वाघच. आम्ही हसत हसत सांगतो खरं, पण सांगताना एकही जण खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत नाही.

आणि ह्या वाघापायी आमच्या संतूचं लग्न अडकलं होतं. संतू केंदूरचा, आमच्याकडं वेल्डर. पोरगा सरळ, नोकरी पर्मनंट, दोन विहिरी, व्यसन म्हणाल तर बसमधल्या खिडकीचं. पण स्थळ यायचं, गावाचं नाव ऐकायचं आणि परत जायचं. "तिकडं वाघ हाय म्हनं. पोरगी द्यायची का त्याच्या तोंडी?" असं तोंडावर म्हणून गेले लोक!

* * *

संतूचाच एक किस्सा घ्या. फर्स्ट शिफ्टला त्याला पहाटे अंधारात घरनं निघून फाट्यापर्यंत चालत यावं लागतं. दोन्ही बाजूला ऊस. आमच्याकडं नियम ठरलेला आहे, गप्प चालायचं नाही. आवाज ऐकला की वाघ बाजूला होतो म्हणतात. म्हणून जो तो मोबाईलवर गाणी लावून चालतो.

एका पहाटे निम्म्या वाटेत संतूचा मोबाईल बंद पडला. बॅटरी संपली. गाणं थांबलं आणि उसात काहीतरी सळसळलं. संतू सांगतो, "आयशप्पथ, पाय जाग्यावर हुते आन् जीव गळ्यात आला हुता!"

आता तोंडानं काहीतरी म्हणायला पाहिजे. पण ऐनवेळी एक गाणं आठवेना, एक आरती आठवेना. आठवली ती काय, तर कंपनीत रोज शिफ्टच्या आधी म्हणतो ती सेफ्टीची शपथ! संतू बोंबलत सुटला, "मी हेल्मेट घालूनच काम करीन! मी चालू मशीनमध्ये हात घालणार न्हाई!"

तेवढ्यात पलीकडच्या उसातनं कापऱ्या आवाजात उत्तर आलं, "मी माझ्या सहकाऱ्याला एकटं सोडणार नाही!"

संतू खालीच बसला. उसातनं हातात डबा घेतलेला एक माणूस बाहेर आला. दुसऱ्या लाईनचा ऑपरेटर! त्याचाही मोबाईल बंद पडला होता आणि तो मघापासून श्वास रोखून तिथं उभा होता. दोघं हात धरून फाट्यापर्यंत आले. बसमध्ये चढल्यावरही हात सोडवेना त्यांना.

* * *

पवारमामांचा किस्सा ह्याच्यावरचा. मामा आमच्या शॉपमध्ये वडीलधारे, केंदूरचेच, संतूच्या घराशेजारी मळा. मागच्या साली वनखात्यानं त्यांच्या बांधावर पिंजरा लावला. आतल्या कप्प्यात शेळी, पुढं वाघासाठी जागा, वर दार. वाघ आत शिरला की दार खाली.

दिवस मावळतीला मामा शेळीला पाला टाकायला गेले. पाला टाकून वळतात तर बांधावर तो बसलेला! शेपटी तेवढी हालत होती. घर लांब, हातात काठी नाही. मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि सरळ पिंजऱ्यात घुसले. धाडकन दार खाली!

तो आला. पिंजऱ्याला एक फेरी मारली. मग समोर बसून राहिला. आत शेळी थरथरत होती आणि मामाही. "शेळी माझ्याकडं बघायची, मी शेळीकडं. दोघांच्या मनात एकच इचार," मामा सांगतात.

मामी शोधत शोधत माणसं, बॅटऱ्या घेऊन आली तेव्हा तो निघून गेला होता. लोकांनी दार उचललं तर मामा बाहेर यायला तयार नाहीत. म्हणाले, "आधी आसंच एक घराला बसवा, मग येतो!"

* * *

आता धारेकडं येतो. केंदूरच्या मागं डोंगराच्या कुशीत वनखात्याचं रान आहे, आणि त्या रानात एक धबधबा. खोटं वाटतंय ना? आमच्या शॉपमध्येही कुणाला पटलं नव्हतं. "शिरूरला धबधबा? टँकर उलटला आसंल!" असं म्हणून सगळे हसले होते. त्याला पाटी नाही, रस्ता नाही, मोबाईलच्या नकाशात नाव नाही. गावातले लोक नुसतं 'धार' म्हणतात.

आमच्यात राजकुमार म्हणून एक हेल्पर आहे, बिहारचा. रील बनवायची भारी हौस. तो संतूच्या मागंच लागला, "भैया, एक बार दिखा दो." संतू त्याला रविवारी दुपारी घेऊन गेला. दोघं सुखरूप परत आले. काही झालं नाही, काही दिसलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये राजकुमार सगळ्यांना रील दाखवत होता. पाणी पडतंय, हा केस मागं सारून हसतोय, मागं काळा कातळ. दाखवता दाखवता त्याचं हसू गेलं. "भैया... ऊपर देखो. ये पूंछ है क्या?"

कातळाच्या वरच्या कपारीतनं काहीतरी लोंबत होतं. संतू म्हणाला, "वेल हाय ती."

आम्ही परत बघितलं. वेल उचलली गेली, वळली आणि आत गेली.

राजकुमारच्या ताटातला भात तसाच राहिला. दोघंही त्या कपारीच्या बरोबर खाली उभं राहून नाचले होते! मला विचाराल तर सगळ्या किश्श्यांत मला ह्याच किश्श्याची जास्त भीती वाटते. उसात आपण आवाज तरी करतो. धारेखाली गाणी लावा नाहीतर बोंबला, त्या पाण्यापुढं काही ऐकूच जात नाही. ना त्याला आपलं, ना आपल्याला त्याचं.

तेव्हापासून संतूनं धारेचं नाव टाकलं.

* * *

तर संतूचं लग्न. मी वरवंडचा. माझी चुलत बहीण अश्विनी, नर्सिंग झालेली, वरवंडलाच दवाखान्यात नोकरीला. मीच हे स्थळ चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा म्हणजे एकदम खट माणूस. तसे आता आमच्या वरवंडच्या उसातही ठसे दिसतात, पण आप्पा मान्य करत नाहीत. "कुत्र्याचं असंल," म्हणतात.

आप्पांनी एकच अट घातली, "घर मी डोळ्यांनी बघणार. आन् वाघाचं काय बी दिसलं, तर तिथनंच माघारी!"

अश्विनी म्हणाली, "मी पण येणार. राहायचं मला हाय तिथं."

दसरा नुकताच झाला होता. परतीचा पाऊस दणकून पडला होता. संतूच्या घरी आम्ही तयारी केली ती अशी, की मामांच्या बांधावरचा पिंजरा कडबा रचून झाकला, शेजाऱ्यांना हात जोडले आणि वाघाचा व काढायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. पवारमामांना तर दोनदा बजावलं. आप्पा पुढं आणि अश्विनी मागं अशी दोघं जीपमधनं उतरली, पाहुण्यांना पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे झाले. सगळं झ्याक चाललं होतं.

आणि संतूची आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, नवं लुगडं आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा!

ह्या पट्ट्याचं सांगायला पाहिजे. संतूचे आजोबा मेंढरं राखायचे, तेव्हा मेंढरांमागच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा असायचा. वाघ मानेलाच धरतो ना. आता मेंढरं गेली, कुत्री तर वाघानंच नेली, आणि पट्टे आले बायामाणसांच्या गळ्यात. खुरपायला जाताना बाया पट्टा घालूनच जातात. संतूच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, तर इतकी सवय झालेली, की मंगळसूत्राबरोबर तोही सकाळीच चढतो. त्या दिवशी काढायचा राहिला.

आप्पांचा कप ओठाशीच थांबला. "हे काय ओ, विहीणबाई?"

मावशींचा हात गळ्याकडं गेला. तोंड पांढरंफट. "मान... मान दुखती माझी. डॉक्टरनं पट्टा घालायला सांगितलाय."

"खिळ्याचा?"

"संतूनंच बनवलाय," मावशी घाबरून खरं बोलून गेल्या. "कंपनीतल्या जुन्या रबराचा. लई मऊ हाय आतनं."

अश्विनी त्या पट्ट्याकडं टक लावून बघत होती. तिला मानेचे पट्टे रोजचेच. संतूनं मान खाली घातली. मी म्हटलं, संपलं सगळं!

तेवढ्यात विषय बदलायला पवारमामा ओरडले, "आप्पा! आमच्या गावात धबधबा हाय, ठावं हाय का?"

"धबधबा? शिरूरला?" आप्पांनी कप खाली ठेवला. पाणी म्हटलं की आप्पा लहान पोरासारखे होतात. "चला, दाखवा!"

संतूनं मामांकडं असं बघितलं, की मामांना पिंजरा बरा वाटला असेल.

* * *

नाही कसं म्हणायचं? का नाही, हे सांगता येत नव्हतं. "वाट निसरडी हाय," संतू म्हणाला. "मी शेतकरी हाय," आप्पा म्हणाले. "उशीर व्हईल," मी म्हणालो. "ऊन बघ की," आप्पा म्हणाले. मावशी दारात उभ्या राहून हात जोडत होत्या, देवाला का आम्हाला कळत नव्हतं.

निघालो. संतू पुढं, मग आप्पा, अश्विनी, मी, शेवटी मामा. संतूनं मोबाईलवर गाणी लावली, मामांनीही लावली, मीही लावली. तीन मोबाईलवर तीन गाणी! "काय गोंधळ लावलाय रं?" आप्पा वैतागले. मग आम्ही गाणी चालू ठेवून वर मोठमोठ्यानं बोलायला लागलो. कशावर बोललो देव जाणे. पायाखाली पाला ओला होता, करवंदीच्या जाळीतनं एक होला फडफडला तरी मी मामांचा हात धरायचो. अश्विनी वळून म्हणाली, "दादा, तुला घाम किती आलाय." मी म्हटलं, "चढ हाय ना." तिथं चढ नव्हता.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मग ती वाढत गेली, आणि जाळीतनं बाहेर पडलो तर समोर धार! काळ्या कातळावरनं पांढरं पाणी खाली कोसळत होतं, तुषार तोंडावर येत होते. खरं सांगतो, इतकं सुंदर पाणी ह्या तालुक्यात असेल असं मलाही वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी आमची गाणी बंद झाली. मोबाईल चालू होते, पण ऐकायला काही येत नव्हतं. मामांचे ओठ हालताना दिसले, आवाज नाही.

आप्पा दोन्ही हात पसरून सरळ धारेखाली गेले. बरोबर त्या कपारीखाली! अश्विनी त्यांच्या दोन पावलं मागं. संतू डोळे वर लावून उभा होता.

संतूनं मूठ वर धरली.

मी जाग्यावर थिजलो. मामाही. इतक्या वर्षांची सवय, मूठ दिसली की थांबायचं आणि वर बघायचं. मी वर बघितलं. मला तिथं खरंच क्रेन दिसेल असं क्षणभर वाटलं.

तो कपारीत बसला होता. पुढचे पाय कडेवर, मान खाली झुकवलेली. आप्पांच्या टोपीकडं बघत होता.

ओरडून उपयोग नाही. धावलो तर तो धावणार. आप्पांची त्याच्याकडं पाठ, ते आमच्याकडं बघून हसत होते, 'या की' म्हणून हात हालवत होते. मनात एकच, मी आणलं ह्यांना इथं, आता काकीला काय तोंड दाखवू?

अश्विनीनं आमच्याकडं बघितलं. आम्ही तिघं पुतळ्यासारखे, संतूची मूठ वर. मग तिनं हळूच वर बघितलं.

ती ओरडली नाही. तिनं आप्पांचा हात धरला, पदर सावरल्यासारखं केलं आणि त्यांना आपल्याकडं ओढलं. स्वतः मात्र पाठ केली नाही. तोंड कपारीकडं ठेवून एक एक पाऊल मागं आली. संतू पुढं गेला, त्या दोघांच्या आणि कातळाच्या मध्ये उभा राहिला. मूठ तशीच वर. तोही मागं मागं सरकत आला.

वरची शेपटी एकदा हालली. तो तिथंच बसून राहिला.

जाळीत शिरल्यावर आवाज कमी झाला आणि तिन्ही मोबाईलवरची गाणी एकदम ऐकू आली. आप्पा खूश! "आगं, एवढ्यात काय ओढलंस? काय गार पाणी हाय! आन् शांत किती! उगाच वाघ वाघ करत्यात लोक." मामा तर झाडाला धरून चालत होते.

घरी आलो. आप्पांनी सुपारी मागितली, मांडी ठोकली आणि म्हणाले, "माझ्याकडनं पक्कं! अश्विनी, तुझं काय ते सांग."

मावशींनी पट्टा काढून पदराखाली लपवला होता, त्याचे खिळे लुगड्यातनं वर आले होते. संतूचा चेहरा बघवत नव्हता. एक शब्द, आणि संपलं. मीही तिच्याकडं बघायचं टाळलं.

अश्विनी उठली. मावशींच्या पदराखालचा पट्टा अलगद काढून घेतला. आतलं रबर बोटांनी दाबून बघितलं, स्वतःच्या गळ्याला लावून बघितलं. सैल होत होता. मग संतूकडं वळून ती त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली,

"माझ्या मापाचा एक व्हईल का?"