तिसऱ्या कपापर्यंत

या लेखात एका जागेचं नाव नाही. मस्कतपासून ती किती तासांवर आणि कोणत्या दिशेला आहे, हेही नाही. माझ्या वहीत दोन्ही होतं. परतल्यावर मी त्यावर शाई फिरवली. कारण पुढे येईलच.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी मस्कतच्या अल् घुब्रा भागात इकबालच्या भाड्याच्या फ्लॅटवर उतरलो. इकबाल रत्नागिरीच्या कॉलेजातला माझा बाकसोबती. गेली वीस वर्षं इथल्या एका सर्वेक्षण कंपनीत नकाशे काढतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने मला गाडीत घातलं. शबानावहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. कारखान्यांकडे कामगारांना घेऊन निघालेल्या बसगाड्यांची रांग ओलांडली आणि थोड्या वेळाने शहर संपलं.

"हरणांच्या वाटांचा नकाशा करतोय," इकबाल म्हणाला. "जुनी शिकारीची जमीन. आता शिकारीला बंदी आहे, तरी बंदूक घेऊन येणारे येतातच. रविवारी हॉटेलात त्याचा समारंभ. आमच्या अर्बाबला (मालकाला) पडद्यावर चमकणाऱ्या लाल रेषा पाहिजेत."

"आणि हरणं?"

"ती नसली तरी चालतील. रेषा पाहिजेत."

पुढे आम्ही राखणदाराच्या खोलीपाशी पोचलो. सालिम साठीचा, काटक, हातात बारीक काठी. मस्कतच्या बाजारात उमेदवारी केल्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. सलाम झाल्यावर त्याने विचारलं, "शी उलूम?" (काही खबर?) इकबाल म्हणाला, "मा शी" (काही नाही). मग इकबालने तेच विचारलं आणि सालिमनेही तेच उत्तर दिलं. चटईवर बसलो. खजूर आले, वेलदोड्याचा काहवा (बिनदुधाची कॉफी) आला, लिंबाएवढ्या कपांतून. तिसऱ्या कपाला सालिमने सांगितलं, की परवा कोरड्या ओढ्यात जीपच्या चाकांचे ठसे दिसले आणि एक रिकामं काडतूस सापडलं.

मी चकित होऊन इकबालकडे पाहिलं.

"पहिल्यांदा कुणीही 'मा शी'च म्हणतो," तो म्हणाला. "दारातच वाईट खबर देत नाहीत. माणूस बसला, काहवा प्याला, की मग सांगायचं."

आपल्याकडे माणूस चपला काढायच्या आत स्वतःची शुगर सांगतो, त्या मानाने मला ही रीत फार सुसंस्कृत वाटली.

उन्हं कलल्यावर निघालो. सपाट खडकाळ जमीन, मधूनच ग़ाफचं झाड. हा ग़ाफ म्हणजे आपली शमीच. परदेशात गाववाला भेटावा तसं वाटलं. एका उंचवट्यावर गुडघाभर उंचीची दगडांची अर्धगोल भिंत होती. सालिमचा बाप इथे दबा धरून बसायचा, नंतर सालिमही.

"इधर से मारता था," तो म्हणाला. "रास्ता सब दिमाग में है. अभी वही काम आता है."

इकबालने टॅबलेट उघडला. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांवरून त्याने सहा वाटा काढल्या होत्या. सहाही एका कड्याकडे जात आणि तिथे पुसट होत. त्यापलीकडे कॅमेरे नव्हते.

"चाचा, पानी किधर पीता है?"

"मा शी," सालिम म्हणाला.

आम्ही ग़ाफखाली बसलो. सालिमने थर्मास काढला. तिसरा कप संपल्यावर तो इकबालला म्हणाला, "दिखाता है. लेकिन नक्शे पर नहीं. वादा?"

"वादा."

टॅबलेट आणि जीपीएस यंत्र गाडीत ठेवून, कुलूप लावून आम्ही कड्यामागे गेलो. तासाभराने एका कपारीतून खाली पाहिलं. टेबलाएवढं पाणी. काठावर तीन धबी (चिंकाऱ्यासारखी छोटी हरणं) आणि एक पिल्लू, ज्याला पाय दुमडून तोंड पाण्यापर्यंत न्यायची युक्ती अजून साधत नव्हती. दोनदा ते घसरलं. सालिम हसला, आवाज न करता.

खोलीवर परतलो तसा फोनला सिग्नल मिळाला आणि थोड्याच वेळात माझ्या खिशात टुणटुण सुरू झाली. पुण्यात आमचं सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ आहे. त्याचे सेक्रेटरी करमरकर यांनी सगळ्यांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं आहे. कोण किती चालला ते आपोआप मोजून सगळ्यांना दाखवतं. संदेश होता: 'आपले सदस्य वाळवंटात! अभिनंदन!' खाली नकाशा आणि त्यावर एक ठसठशीत नारिंगी रेघ, पार पाण्यापर्यंत.

इकबालने फोन हातातून घेतला. "हा ग्रुप सगळ्या दुनियेला उघडा आहे रे. काय केलंस तू?"

आयुष्यभर मी यंत्रांची टिंगल केली. एक खिशात चालू आहे, हे विसरलो. इकबालने माझी रेघ पुसली. मी करमरकरांना फोन केला. त्यांनी ती आणखी दोन ग्रुपवर पाठवली होती. "अहो, लोक केवढं कौतुक करतायत," ते म्हणाले. काढून टाकायला कबूल झाले, नाराजीने.

सालिम काहवा घेऊन आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "शी उलूम?"

"मा शी," मी म्हणालो.

तिसरा कप मोठा कठीण गेला. मग सगळं सांगितलं. सालिमने रिकामा कप हलवला, म्हणजे आता पुरे.

"कितना आदमी देखा?"

"मालूम नहीं, चाचा."

तो उठला. अंथरुणाची वळकटी, पाण्याचा कॅन आणि काठी घेतली. आता पाऊस पडेपर्यंत तो पाण्यापाशीच झोपणार होता. दोन वर्षांत तिथे पाऊस पडला नव्हता.

परतताना इकबाल म्हणाला, "वादा पाळून मी त्या सहा वाटा देणारच होतो. पण सहा रेघा जिथे जाऊन थांबतात, तिथे पाणी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तुझी रेघ बघितली तेव्हा डोक्यात आलं."

"मग?"

"रेघा नाहीत. मोठे चौकोन रंगवून देतो. या चौकोनात कुठेतरी हरणं आहेत, एवढंच. अर्बाब शिव्या देईल. माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय."

रविवारी इकबालचा कोट घालून मी समारंभाला गेलो. पुष्पगुच्छ, धूर सोडणारं यंत्र, उपस्थितांपेक्षा जास्त आभार. मग पडद्यावर नकाशा आला: फिकट हिरवे चौकोन, स्नानगृहाच्या फरशीसारखे. अर्बाब इकबालकडे पाहत राहिला. सालिमला एका दिवसापुरतं मस्कतला बोलावलं होतं; जागेवर पुतण्याला बसवून तो कमरेला खंजर लावून आला होता. प्रमुख पाहुण्यांनी त्याला मोठ्या प्रेमाने विचारलं, की हरणांची काय खबर?

"मा शी," सालिम म्हणाला. "सगळं ठीक."

टाळ्या पडल्या. इकबालचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांऐवजी तीन महिन्यांनी वाढलं. वहिनींनी दोन्ही मुलांच्या फीचं वेळापत्रक फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुण्याला परतून आता महिना झाला. मी अ‍ॅप काढून टाकलं आहे. मंडळात माझी पावलं मोजली जात नाहीत. परवा फेरीनंतर टपरीवर करमरकरांनी विचारलं, "काय हो, ती हरणं नक्की कुठे दिसली तुम्हाला?"

"काही खबर नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक."

ते थोडा वेळ वाट पाहत थांबले. पण त्या टपरीवर आम्ही प्रत्येकी एकच कप घेतो.