बसून दाखवले नाही

मंगळवार, ११ जून २०२४. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. त्या वेळी जे सुरू झाले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आपल्याला सांगतो, कारण आपण मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ अजून वळत नाही.

आजार आधी सांगतो. तो सांगणे सोपे आहे. मोठ्या आतड्याला वीस वर्षांची सूज, आणि शेवटी त्यात कर्करोगाची पूर्वचिन्हे. सगळे मोठे आतडे काढायचे, लहान आतड्याचे टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणून शिवायचे, त्यावर पिशवी चिकटवायची. कायमची. जेवण बंद, नुसते पाणी आणि सरबत, मग आतडे धुऊन काढणारे ते खारट औषध — सगळे निमूट केले. चौतीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयाचा अधीक्षक होतो. सूचना पाळणे आणि पाळायला लावणे, एवढेच मला येते.

एकच सूचना पाळली नाही.

पिशवी पोटावर नेमकी कुठे यावी, याची खूण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी करतात. ते काम सिस्टर गायकवाड यांचे. तिशीच्या असतील. पत्नीला मीच बाहेर पाठवले. सिस्टरनी मला झोपवून पोट चाचपले, काळ्या मार्करने एक गोल काढला आणि म्हणाल्या,

"आता उठून बसा, काका. पायजमा रोज बांधता तिथंच बांधा आणि जरा पुढं वाका."

"मी तुमचा काका नाही."

"बरं, सर. बसा." त्या हसल्या. "लाजू नका हो. दिवसभर पोटंच बघते मी. तुमच्या पोटावर काही वेगळं लिहिलेलं नाहीये."

चांगल्या मनाने म्हटले होते. मला संताप आला. का? बसलो की माझे पोट दोन वळ्यांनी मांडीवर उतरते, म्हणून. उभा असताना मी ताठ असतो. घरातसुद्धा सदरा घातल्याशिवाय बसत नाही. भीती नव्हती, वेदना नव्हती — सत्तरीतल्या माणसाची ऐट होती, आणि दुसरे काहीही नव्हते.

"झोपून बघितलंत ना? तेवढं पुरे."

"सर, झोपलेल्या माणसाचं पोट सपाटच असतं. बसल्यावर घडी कुठं पडते ते बघावं लागतं. घडीत पिशवी चिकटत नाही, सारखी गळत राहते."

हे त्यांनी मला सांगितले होते. इतक्या स्पष्ट शब्दांत.

मी विचारले, "तुमच्या फॉर्मवर रकाने कोणते आहेत?"

झोपून, बसून, उभे राहून — असे तीन होते.

"तिन्हींत बरोबरची खूण करा आणि मोकळ्या व्हा. मी सांगतोय ना."

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. मग खुणा केल्या. भांडणे नको, उद्या बिचाऱ्याचे पोट फाडायचे आहे, असेच काही मनात आले असावे. जाताना म्हणाल्या, "आत्ता सोडते. आंघोळीत गोल पुसला गेला तर नवा काढीन, आणि तेव्हा बसवल्याशिवाय सोडणार नाही. सहाला येते बघायला."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी आलो, जेवायला खुर्चीवर बसलो, आणि पिशवीची चकती एका कडेने उचकटली. गोल बरोबर घडीत होता. लहान आतड्यातून येते ते पातळ असते आणि कातडीला चुन्यासारखे भाजते. दिवसाला दोन-दोन पिशव्या. रात्री चादरी.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत मी इतिवृत्त वाचायला बसलो — बसून वाचत होतो — आणि तिसऱ्या ठरावावर पायजमा भिजला. वास पसरला. शेजारच्या वहिनींनी उठून खिडकी उघडली. "कोंदट झालंय जरा, नाही?" म्हणाल्या. बाकीच्यांनी मोबाईलमध्ये डोळे घातले. कोणी हसले असते तर सोसले असते. ती खिडकी सोसवली नाही.

कोणाचा राग होता तो? मला माहीत होते कोणाचा. म्हणूनच दुसऱ्या कोणावर तरी तो टाकण्याची घाई होती.

त्याच दुपारी रुग्णालयाकडे तक्रार लिहिली. दोन पाने, मुद्देसूद. सिस्टर गायकवाड यांनी रुग्णास बसवून तपासले नाही. उभे करून तपासले नाही. तरीही फॉर्मवर तशी नोंद केली. एकही वाक्य खोटे नव्हते. मी आयुष्यात इतका सच्चा कागद लिहिलेला नाही.

पत्नीने तो वाचला. "अहो, त्या सिस्टर तर बऱ्या वाटल्या होत्या मला. खरंच बसवून बघितलं नाही?"

"नाही."

"कमाल आहे," म्हणाली, आणि चादर भिजत घालायला गेली.

आठवड्याने रुग्णालयातून फोन आला. कोणी बाई होत्या, अदबीने बोलणाऱ्या. "सर, सिस्टर म्हणतात की आपणच बसायला नकार दिला होता."

"तशी नोंद आहे?"

"नाही, नोंद नाही."

"मग?"

तो 'मग' हा माझा गुन्हा. कागदावर नाही ते घडले नाही, हे मी चौतीस वर्षे कारकुनांना शिकवले. माझ्यावर दया करून एका बाईने कागदावर खोटे लिहिले, आणि मी तिला त्याच कागदाने मारले. फॉर्म भरायला लावताना माझ्या मनात कपट नव्हते. कपट नंतर आले. त्याला हत्यार तयार मिळाले.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा सिस्टर गायकवाड यांच्या खोलीला कुलूप होते. "त्या आता इथं नसतात," एवढेच कळले. पिशवी कशी बदलायची ते सिस्टर नव्या रुग्णांना हाताने दाखवत असत. आता मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात. बाकड्यावर माझ्या शेजारी एक गृहस्थ तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होते. मी त्यांना काही सांगितले का? नाही. मला येत होते सगळे. सिस्टर गायकवाड यांनीच शिकवले होते.

परवा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी गेलो. आतड्याचे ते तोंड जागेवरून हलवायचे आहे. नव्या सिस्टर म्हणाल्या, "बसा, आजोबा." बसलो. पोट मांडीवर आले. त्यांनी बघितले, घडीच्या वर चार बोटे गोल काढला. सगळे मिळून अर्धे मिनिट. अर्ध्या मिनिटाचे काम होते ते.

या मजकुराची एक प्रत रुग्णालयाला दिली आहे आणि पोच घेतली आहे. त्याने कुलूप निघेल असे मी म्हणत नाही. पत्नी हे इथेच, आपल्याबरोबर वाचेल.

आता त्या मंगळवारचे राहिलेले. पावणेसहाला मी आंघोळ केली. टॉवेलने पुसले तेव्हा गोल एका बाजूने फिका झालेला दिसला. सिस्टर सहाला येणार होत्या. फिका दिसता तर बसवणार होत्या. सदऱ्याच्या खिशातून काळे पेन काढले. कॉटवर आडवा झालो, पोट सपाट केले, आणि तो गोल रेषेवरून रेष नेत पूर्ण गिरवला. शाई वाळू दिली. मग उभा राहून सदऱ्याची बटणे लावली आणि पेनाला टोपण घातले.