नवसाचा गूळ

आमच्या ह्यांचं हृदय अशक्त झालं आणि दवाखान्यातून परत आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी मला बजावलं, मीठ कमी आणि रोज सकाळी वजन. "दोन-चार दिवसांत एकदम वाढलं तर खूश होऊ नका, फोन करा. ते मांस नसतं, पाणी असतं." मी कोथरूडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. वजनाचा काटा आपसूक माझ्या ताब्यात आला.

माझ्या थोरल्या नणंदेला त्या काट्याचा भारी राग. "हाडं मोजत बसतेस माझ्या भावाची," असं म्हणून त्या ह्यांना आठवडाभर बिबवेवाडीला घेऊन गेल्या. बायका माहेरपणाला जातात, आमच्याकडे हे गेले. भाऊ बरा झाला की त्याची गुळाने तुला करीन, असा वन्संचा नवस होता. घरून निघतानाचं वजन मी सांगितलं, तेवढ्या ढेपा त्यांनी आणून ठेवल्या.

रविवारी त्यांच्या गल्लीतल्या देवळात तराजू टांगला. हे एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्यात सगळ्या ढेपा चढवून झाल्या, तरी ह्यांचं पारडं जमिनीवरून उठेना. वन्संचा चेहरा काय खुलला म्हणता! "बघ, आठवड्यात अंग धरलं की नाही? तुझ्या फुळकवणी आमटीवर नुसता वाळत होता." आणखी गूळ आणायला त्यांनी यजमानांना पिटाळलंसुद्धा.

सगळे हसत होते, मी मात्र ह्यांच्या पारड्याशी गेले.

"वन्सं, जेवायला काय काय होतं हो?"

"काय असणार? पापड, सांडगे, लोणचं. माणसाला चव नको?"

मी वाकून ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"दम लागतो का?"

"आडवं झालं की लागतो जरा. तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

भावाबहिणीच्या प्रेमाला माझा कोपरापासून नमस्कार. मी ह्यांना तिथूनच उठवलं. नवस अर्धा टाकला म्हणून वन्सं रिक्षात माझ्याशी बोलल्या नाहीत, पण आल्या. डॉक्टरांनी ठेवून घेऊन पाणी उतरवायचं औषध सुरू केलं. "आज आणलंत ते बरं केलंत," ते म्हणाले, तशा वन्सं माझ्याकडे वळल्या.

"मीच खाऊ घातलं गं त्याला."

मला त्यांची फार दया आली. म्हटलं, "अहो, तुमचा नवस होता म्हणून कळलं तरी. ह्यांनी थोडंच तोंड उघडलं असतं?"

हे घरी आले, रोजचं वजन जागेवर आलं आणि मग तुला पुन्हा ठरली. त्याच देवळात, तोच तराजू. हे पारड्यात बसणार, तोच वन्संनी त्यांना थांबवलं. सगळ्यांदेखत त्या धाकट्या भावाच्या पायाशी वाकल्या, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलून बघत राहिल्या. खळगा नव्हता.

पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "बस आता. जास्तीचा गूळ मी परत केलाय."