सुट्टी कुणाची बुडाली?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी कंपनीत पेढे वाटले. पेढा तोंडात टाकता टाकता प्रत्येकाने ठरलेले प्रश्न विचारले: मुलगा काय करतो, पगार किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. सुर्वे काकांनी मात्र पेढा हातातच धरला आणि एकच प्रश्न केला.

"त्यांना सुट्टी कधी असते?"

"शनिवार-रविवार. हिंजवडीला आयटीत आहे ना."

काकांनी पेढा परत कागदावर ठेवला. "आणि तुला गुरुवार. मग तुम्ही भेटणार कधी गो?"

मी हसले. लग्न करून एका घरात राहणार असलेल्या मुलीला कुणी असं विचारतं का? पण काका हसत नव्हते. पत्रिकेत मंगळ निघावा तसा चेहरा करून ते माझ्याकडे बघत होते. नंतर कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कंपनीत कुणाचंही लग्न ठरलं की बाकीच्यांना घराणं, हुंडा, मानपान दिसायचं आणि काकांना साप्ताहिक सुट्टी.

आमची कंपनी चाकणजवळ, निघोजे गावाच्या अलीकडे. पत्र्याचे सुटे भाग करणारी, साठेक माणसांची. इकडच्या बहुतेक कारखान्यांसारखी आमचीही सुट्टी गुरुवारी. पूर्वी विजेच्या वाटपासाठी कुणीतरी हा वार ठरवून दिला आणि मग तोच राहिला. त्यामुळे भोसरीपासून चाकणपर्यंत एक वेगळंच पंचांग चालतं. मुलांच्या शाळेला रविवारी सुट्टी, बापाला गुरुवारी. पाहुणे रविवारी येतात आणि यजमान शिफ्टला गेलेला असतो. पुरुषमंडळींचं खरं दुःख तर वेगळंच. घरोघरी बायकांचा गुरुवारचा उपास, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मटण नाही. आमचे लोक रविवारी डब्यात रस्सा आणतात आणि प्रेस मशीनच्या आवाजात बसून खातात.

काका टाइम ऑफिसला होते, म्हणजे हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि सुट्ट्या यांचे मालक. मूळचे चिपळूणकडचे, राहायला पिंपळे गुरवला. बारीक अंगकाठी, शर्टाच्या खिशात कायम दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन शब्दांतला फरक शिकवला. "रजा ही अडचणीसाठी. सुट्टी ही आपल्यासाठी. रजेचा अर्ज करावा लागतो, तिथे कारण लिहावं लागतं. सुट्टीला कुणी कारण विचारत नाही." रजेच्या अर्जावर कुणी कारण म्हणून 'आराम' लिहिलं तर काका त्याला बोलावून घेत आणि समोर बसवून 'घरगुती काम' असं लिहायला लावत. म्हणत, साहेबाला आराम हा शब्द सोसत नाही.

डिसेंबर आला की काकांना चेव यायचा. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी करून फलकावर लावायची असे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर या चार राष्ट्रीय सुट्ट्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांना काका 'सरकारी जावई' म्हणत. उरलेल्या पाच सणांच्या, त्या कामगारांशी बोलून ठरवायच्या. त्यासाठी काका कँटीनमध्ये बिस्किटाचा रिकामा डबा ठेवून चिठ्ठ्यांनी मतदान घेत. स्वतः कधी मत देत नसत. यादी करणाऱ्याने मत द्यायचं नसतं, असा त्यांचाच नियम होता.

यादी लागली की फलकासमोर रडारड ठरलेली. अमुक सण गुरुवारी आला, सुट्टी बुडाली. तमुक गुरुवारी आला, तीही बुडाली. गर्दीच्या मागे उभे राहून काका शांतपणे विचारत, "कुणाची बुडाली?" लोकांना वाटे म्हातारा चिडवतोय. मलाही तसंच वाटे.

एका डिसेंबरात रजिस्टर द्यायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. जेवणाच्या टेबलावर दोन याद्या शेजारी शेजारी पसरल्या होत्या, एक आमच्या कंपनीची, दुसरी पोस्टाची. सुनंदाकाकू पोस्टात काउंटरला होत्या. त्यांना रविवारी सुट्टी आणि सणांची यादी केंद्र सरकारची. काका निळ्या टोकाने आपल्या सुट्ट्यांना खूण करत होते, काकू लाल टोकाने त्यांच्या. जिथे दोन्ही रंग पडतील तो दिवस दोघांचा. वर्षभरात दोघं एकत्र घरी असण्याचे दिवस तेवढेच.

काकू म्हणाल्या, "बस, वैशाली. आमचं गुणमेलन चाललंय. यंदा सातच जुळलेत."

तेव्हा मला 'कुणाची बुडाली' चा अर्थ कळला. सण गुरुवारी आला की काका घरी असतातच आणि पोस्टाला सुट्टी मिळते. सण रविवारी आला की काकू घरी असतातच आणि कारखाना बंद होतो. जगाची बुडालेली प्रत्येक सुट्टी या दोघांना दोन्ही बाजूंनी लागू पडायची. नाताळ गुरुवारी आलाय म्हणून हरखून जाणारा आख्ख्या चाकणमध्ये हा एकच माणूस असेल. मला इतकं हसू आलं आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की मी रजिस्टर तसंच हातात घेऊन बसले.

आणि मग ते वर्ष आलं, ज्यात दसरा आणि दोन ऑक्टोबर एकाच दिवशी आले आणि तो दिवसही नेमका गुरुवार निघाला. एक मे गुरुवारी, भाऊबीज गुरुवारी. कँटीनमध्ये लोक खवळले. या खेपेला काकाही खवळले, कारण दोन दिवसांचा एक होणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि बदली म्हणून एक जादा सुट्टी पदरात पाडून आले. कोणता दिवस ते कामगारांनी ठरवायचं आणि बरोबरी झाली तर सुर्व्यांनी ठरवायचं, असं साहेबांनी सांगितलं.

दोन दिवसांची नावं पुढे आली. एक, भाऊबीजेनंतरचा शुक्रवार. तो गित्तेला हवा होता. गित्ते प्रेस ऑपरेटर, मराठवाड्यातला. दिवाळीला गावी जाणाऱ्यांना बसच्या गर्दीतून परतायला एक दिवस हाताशी लागतो. दुसरा, बुद्धपौर्णिमा. तो कांबळेला हवा होता. कांबळे टूलरूमचा जुना माणूस, दरवर्षी हीच मागणी करणारा आणि दरवर्षी चार मतांनी हरणारा. दोघांचंही म्हणणं रास्त होतं.

काका मात्र त्या आठवड्यात अस्वस्थ होते. खोदून विचारल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा बरोबर त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी येत होती. तिसावा वाढदिवस. पोस्टाला सुट्टी होती. तीस वर्षांत तो दिवस कधी गुरुवारी आला, कधी रविवारी आला, पण दोघं एकत्र घरी असे कधी सापडले नव्हते. काकूंनी एवढंच म्हटलं होतं की या वेळी तरी बघा.

"मग एक दिवस रजा काढा ना काका," मी म्हणाले.

"रजा लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवल्यात. आणि कंपनी चालू असताना माझी रजा ही रजा नसते. दिवसभर फोन. काका, कार्ड लागत नाही. काका, पंच झालं नाही. कंपनी बंद असेल तरच माझा फोन गप्प बसतो."

हे खरं होतं. त्यांच्या रजेच्या दिवशी सगळ्यात जास्त फोन मीच करायचे.

मतदान झालं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर काकांनी डबा उपडा केला आणि चिठ्ठ्या दोन ढिगांत लावल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकतीस आणि एकतीस.

सगळे काकांकडे बघू लागले. मी मनात म्हणत होते, म्हणा ना काका, बुद्धपौर्णिमा म्हणा, कुणाला काय कळणार आहे? कांबळेची मागणी तर न्याय्यच आहे. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"मला ठरवता येणार नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी माझ्या लग्नाला तीस वर्षं होतायत आणि आमच्या मंडळींना पोस्टात सुट्टी आहे. यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही दुसरा कुणी माणूस बघा."

मागून गित्तेचा आवाज आला. "आन् एवढं पोटात ठेवून तुमी आमच्या चिठ्ठ्या मोजू लागले होते व्हय, काका?"

कँटीन हसण्याने भरून गेलं. काकांचे कान लाल झाले होते. गित्ते पुढे आला आणि म्हणाला, "माझी चिठ्ठी वापस द्या. बदलून टाकतो."

काकांनी दोन्ही हात चिठ्ठ्यांवर ठेवले. डब्यात पडलेली चिठ्ठी परत मिळत नाही, नियम आहे, असं त्यांनी बजावलं. आपल्याच भल्यासाठीसुद्धा हा गृहस्थ नियम वाकवायला तयार नव्हता. शेवटी कांबळेने तोडगा काढला: मतदानच पुन्हा घ्या. वर म्हणाला, "दहा वर्षं मी भांडतोय राव, आणि शेवटी उपयोगी पडलं कुणाचं तर काकांचं लग्न."

दुसऱ्या वेळी काकांनी डब्याला हात लावला नाही, मोजणी मला करायला लावली. बुद्धपौर्णिमा एक्केचाळीस, शुक्रवार एकवीस.

पण काका तिथेच थांबले नाहीत. त्या एकवीस जणांचं त्यांना लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा साहेबांकडे गेले आणि अदलाबदल मंजूर करून आणली: दिवाळीआधीच्या एका गुरुवारी सगळ्यांनी कामावर यायचं आणि त्याच्या बदल्यात भाऊबीजेनंतरचा शुक्रवार सुट्टी घ्यायची. पुढे त्या गुरुवारी गित्तेने सगळ्यांच्या आधी येऊन कार्ड पंच केलं.

बुद्धपौर्णिमेला सकाळी कांबळे पांढराशुभ्र शर्ट घालून घरच्यांसोबत विहारात गेल्याचा फोटो आमच्या ग्रुपवर आला. अकराच्या सुमारास मी शुभेच्छा द्यायला काकांना फोन लावला. फोन बंद होता. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, काय केलंत? काका म्हणाले, "विशेष काही नाही. मी पोहे केले, तिने चहा केला. दुपारी झोपलो. संध्याकाळी पवनेच्या काठाने चालून आलो." आणि मग म्हणाले, "डबा कुणालाच भरायचा नव्हता गो."

वर्ष संपताना काका निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी गित्तेने भाषण केलं, त्यात सबंध वेळ 'काका, आता रोज सुट्टी' हेच वाक्य फिरवून फिरवून सांगितलं. त्यानंतर एका गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. काकूंची नोकरी अजून दोन वर्षं आहे. काका कुकर लावत होते. आता सगळे रविवार तुमचेच, मी म्हणाले. काका हसले. पहिल्या रविवारी म्हणे दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्या रविवारी चार वाजता काकूंनी त्यांच्या हातात पिशवी देऊन त्यांना मंडईत पिटाळलं. तिसऱ्या रविवारी मात्र मटण केलं आणि डब्यात न भरता ताटात वाढलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघायला तुम्ही हवे होतात.

आता यादी मी करते. यंदा ती घरी आणली आणि संत तुकाराम नगरच्या आमच्या दीड खोलीत, पलंगावर नवऱ्याच्या कंपनीच्या यादीशेजारी पसरली. लाल-निळी पेन्सिल होतीच, काकांनी जाताना टेबलावर ठेवलेली. नवरा त्याच्या यादीवर बोट फिरवत होता. ऑगस्टवर येऊन थांबला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"पंधरा ऑगस्ट शनिवारी. बुडाली सुट्टी."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुणाची बुडाली?"

तो बघतच राहिला. मी तो दिवस दोन्ही रंगांनी रंगवला, सगळे मोजले आणि काकांना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काका, अकरा जुळले."

पलीकडून काका म्हणाले, "पेढा दे आता. तेव्हाचा राहिलाय."